शंकूची टाकी

पहिल्या चाचणीत नापास झालेल्याने मदतवर्गात तासभर बसलं, तरच फेरपरीक्षा मिळेल, असा कॅल्क्युलसच्या वर्गाचा नियम होता. पन्नाशीत पदवीला प्रवेश घेतलेला प्लंबर दारातच घुटमळला. आत शिकवणारी मुलगी त्याच्या लेकीच्या वयाची होती. तिने सरळ गणितच पुढे सरकवलं: शंकूच्या आकाराच्या टाकीत पाणी सोडलंय, पातळी किती वेगाने चढेल? "समीकरण येत नाही," तो ओशाळून म्हणाला, "पण टोक खाली असेल तर पाणी आधी भराभर चढतं, वर रुंदी वाढली की मंदावतं." मुलगी हसली. "काका, अवघड तेच तुम्हाला जमलंय. आता फक्त चिन्हांत मांडू." फेरपरीक्षेत तो चांगल्या गुणांनी पास झाला. आभार मानायला गेला, तर तिने आपल्या शेजारची खुर्ची ओढली. "काका, आज इकडे बसा. समोरच्या त्या दोन नव्या मुलांच्या डोक्यात टाकी काही शिरत नाहीये."