लाल पट्टी

ग्रंथपाल बाईंनी परत आलेलं पुस्तक उघडलं आणि कपाळावर हात मारला. लाल पट्टी पुन्हा मध्येच.

"अगं, घोड्याचं पुस्तक होतं हे. घोडासुद्धा नाही आवडला तुला?"

टेबलापलीकडे नववीतली घुमी उभी होती. हे नाव तिला शिक्षकांच्या खोलीत मिळालं होतं, कारण वर्गात ती तोंड म्हणून उघडत नसे. आज उघडलं.

"आवडला."

"मग सोडलंस का?"

"पुढचं मला माहीत आहे."

बाईंना राग आला. न वाचता पुढचं माहीत! हल्लीच्या मुलांना सगळंच आधी माहीत असतं. पण त्यांनी राग गिळला. खरं तर तो एक प्रश्नसुद्धा त्यांनी विचारायला नको होता.

पट्ट्यांची युक्ती त्यांनी मोठ्या खटपटीने शोधली होती. नववीतली मागच्या बाकांवरची मुलं पुस्तकाला हात लावायला तयार नव्हती. मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, "त्यांतल्या एकाने तरी एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं मला दाखवा. नाहीतर पुढच्या सत्रापासून वाचनाचा तास गणिताला." बाईंनी मग सगळं पालथं घातलं. इतर शाळांच्या ग्रंथपालांना फोन केले, प्रशिक्षणाचे व्हिडिओ पाहिले, रंगीत तक्ते छापून भिंतींवर लावले. तक्त्यांवरच्या चेहऱ्यांना मुलांनी मिशा काढल्या. शेवटी एका पुस्तिकेत हे सापडलं. कंटाळा येईल तिथे मुलाने लाल पट्टी ठेवावी आणि पुस्तक परत करावं. कारण विचारू नये. फक्त पानाचा आकडा पाहावा. पट्टी जितकी अलीकडे, तितकं पुढचं पुस्तक सोपं द्यावं.

बाकीच्यांनी पट्ट्यांची विमानं केली. घुमी मात्र खरंच वाचायची. मधल्या सुट्टीत यायची, शाळा सुटल्यावरही रेंगाळायची, शिपाई दिवे बंद करायला लागला की नाइलाजाने उठायची. बाईंचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. या एका पोरीने एक पुस्तक पुरं केलं की तास वाचला. पण आधी गुप्तहेराचं पुस्तक मध्येच परत आलं, मग गिर्यारोहक मुलीचं, आणि आता घोड्याचं. मुख्याध्यापिकांना निदान प्रयत्न तरी दाखवावा म्हणून बाईंनी तिन्ही पुस्तकं पट्ट्यांसकट टेबलावर रचून ठेवली.

दारावर टकटक झाली. घुमीचे वडील होते. पालकांनाही सामील करून घ्यावं, असं पुस्तिकेत शेवटी लिहिलं होतं, म्हणून बाईंनीच त्यांना निरोप धाडला होता. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. पायपुसण्यावर बूट नीट पुसून ते आत आले.

"त्रास देत नाही ना हो आमची?"

"छे हो! गुणी आहे. एकच खोड. पुस्तक म्हणून पुरं करत नाही. तुम्ही जरा घरी लक्ष घाला."

"असं आहे होय? घरी काही बोलत नाही ती."

तेवढ्यात घुमी टेबलाला वळसा घालून बाईंच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. तक्रार केली म्हणून लाजली असेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. मोठी अक्षरं, भरपूर चित्रं. पाचवीच्या मुलांना त्या ते दर वर्षी वाचून दाखवत, त्यामुळे त्यांना ते जवळजवळ पाठ होतं. एका बैठकीत संपणारं. ते त्यांनी मुलीच्या हातात न देता वडिलांच्या हातात दिलं.

"हे मात्र आज तिच्याकडून पुरं करून घ्याच."

"घेतो की," वडील म्हणाले. "तुम्ही काळजीच सोडा."

घुमीने बाईंकडे पाहिलं. मग तिने दप्तर छातीशी धरलं आणि ती वडिलांच्या मागून निघाली.

बाई खुशीत होत्या. उद्या मुख्याध्यापिकांपुढे ताठ मानेने उभं राहता येणार होतं. आता प्रयत्न दाखवायची गरज नव्हती, तेव्हा पट्ट्या काढून टाकाव्यात म्हणून त्यांनी घोड्याचं पुस्तक पुन्हा उघडलं. आकडा त्यांनी मघाशीच पाहिला होता. पान आत्ता पहिल्यांदा वाचलं. घोडा लंगडतो, मुलगी त्याचा पाय शेकत बसते, आणि बाहेर बाबांची पावलं वाजतात. तिथे लाल पट्टी.

योगायोग असेल, असं म्हणत त्यांनी गुप्तहेराचं उघडलं. मुलं नकाशा गादीखाली लपवतात. कुलपात किल्ली फिरते, बाबा कामावरून परत येतात. पट्टी. गिर्यारोहक मुलीच्या गोष्टीतले बाबा तर तिच्यासाठी नवे बूट घेऊन घरी येतात. पट्टी तरीही तिथेच.

पुढचं मला माहीत आहे.

शेवटचा दिवा जाईपर्यंत ती पोर इथे कशासाठी बसून राहायची, ते त्यांना कळलं. आपण काय करून बसलो, तेही कळलं. त्या खिडकीशी धावल्या. फाटकाबाहेरचा रस्ता रिकामा होता. मग त्या तशाच मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे पळत सुटल्या, पत्ता काढायला, पोलिसांना फोन करायला, कुणाला तरी हाक मारायला. चष्मा टेबलावरच राहिला. आणि पळता पळता, नको नको म्हणत असताना, त्या पातळ पुस्तकाचं पहिलं वाक्य त्यांना आठवलं. पाचवीच्या मुलांना ते फार आवडायचं.

बाबा घरी आले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.