बिनघाटाचा रस्ता

"ह्याचा कमीत कमी स्पीड किती?" सुयोगने विचारलं.

दुकानातला निमेश जरा गोंधळला. मुलुंडमध्ये इतकी वर्षं ट्रेडमिल विकताना त्याला सगळ्यांनी जास्तीत जास्त स्पीडच विचारला होता. पुढे त्यावर टॉवेल वाळत घालायचे असले तरी.

"वापरणार कोण, सर?"

"बाबा. त्यांना गावाला जायचंय, कुडाळला."

निमेशने मान डोलावली. सेल्समनला सगळं पटतं.

सुयोगचे बाबा, राजाराम, गिरणी बंद पडल्यावरही ताठ होते. मग हळूहळू त्यांचं डोकं रिकामं झालं. आता रोज सकाळी ते खांद्याला पिशवी लावायचे, "गावाक जातंय," म्हणायचे आणि चालू पडायचे. कधी चेकनाक्यावर सापडायचे, कधी पार ठाण्यात. प्रत्येक वेळी सुयोगची सुट्टी जायची. दाराला वर कडी बसवली, तर ते स्टुलावर चढले. शेवटी सुयोगची बायको निधी म्हणाली, "जाऊ दे ना त्यांना. फक्त घरातल्या घरात जाऊ दे."

"सर, राग मानू नका," निमेश म्हणाला, "पण कुडाळचं तिकीट ह्याच्यापेक्षा स्वस्त पडेल."

"तिकिटाला वॉरंटी नसते."

खरं म्हणजे तिकीट काढून जायला गावात काही उरलं नव्हतं. घर सुयोगने केव्हाच विकलं होतं आणि त्या पैशांत मुलुंडच्या फ्लॅटला एक बेडरूम वाढली होती. सही बाबांनीच केली. सुयोगच्या शाळेचा फॉर्म आहे असं समजून, अगदी वळणदार. वर वकिलाला सांगितलं, "माझो झील हुशार असा. तुमच्या शाळेचा नाव काढतलो."

"मग हे मॉडेल बघा," निमेश म्हणाला. "बटण दाबलं की पट्टा वर उचलतो. चढ. म्हणजे समजा, घाट."

"घाट नको. सपाट दाखव. स्वस्तातलं."

सपाट मशीन हॉलमध्ये आलं, भिंतीकडे तोंड करून. समोर निधीने बँकेच्या कॅलेंडरातलं नारळाच्या झाडांचं पान चिकटवलं. बाबा पिशवी घेऊन वर चढले. त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात गावच्या घराची किल्ली असायची, टीचभर लांब. तिच्या शेजारी सुयोगने मशीनची लाल क्लिप शर्टाला अडकवली. क्लिप ओढली की पट्टा थांबतो. बाबा चालू लागले आणि घरात शांतता पसरली.

सुयोगला ते मुलगा म्हणून क्वचितच ओळखत. त्यांच्या हिशेबाने सुयोग अजून शाळेत होता. हा म्हणजे वाटेत भेटलेला कोणी भला माणूस, जो रस्ता चालू करतो. भला माणूस सोफ्यावर बसून मोबाइल बघता बघता गावं सांगायचा. "पेण आलं, बाबा." पेणला पोहे मिळायचे. महाडला डुलकी. संध्याकाळी मशीन बंद, आणि सकाळी पुन्हा पनवेलपासून. बाबांची तक्रार नव्हती, कारण त्यांच्याकडे काल नव्हता. तब्येत तर इतकी सुधारली की डॉक्टर म्हणाले, अजून दहा वर्षं काढतील. ते ऐकून निधीला बसावं लागलं.

एका शनिवारी बाबा चालता चालता म्हणाले, "घाट लागूक नाय."

"आता नवीन हायवे झालाय," सुयोग मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "घाट लागतच नाही."

बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. भिंतीतून पेण आलं, महाड आलं, ते त्यांनी मुकाट मानलं होतं.

"हायवे पुरो झालो?"

"झाला ना."

"फशिवतस," बाबा म्हणाले.

आता हे उतरणार, दार उघडणार आणि परत चेकनाका. सुयोगने पटकन उठून लाल क्लिप ओढली.

"उतरा बाबा. गाव आलं."

पट्टा थांबला. बाबा जपून खाली उतरले. हॉलभर नजर फिरवली. चपला काढून कडेला नीट ठेवल्या, गळ्यातली किल्ली काढली आणि बेडरूमच्या बंद दारापाशी गेले. किल्ली लावली. जाईना. उलटी करून लावली.

आतून निधी खेकसली, "कोण आहे? कॉलवर आहे मी."

चटका बसल्यासारखा बाबांनी हात मागे घेतला. सुयोगजवळ आले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "कुलूप बदलल्यानी रे. आत कोण तरी परक्या बायलमाणूस रवता. माझा घर कोणी घेतल्यान?"

सुयोगला सांगायला आता पुढचं गाव नव्हतं.

"विकलं, बाबा," तो म्हणाला. त्या सगळ्या रस्त्यावर तो पहिल्यांदाच खरं बोलला होता.

"कोणी?"

सुयोगने हातातल्या क्लिपकडे पाहिलं.

"माहीत नाही."

बाबांनी किल्ली परत गळ्यात घातली. चपला घातल्या. मशीनवर चढले, सुयोगच्या हातातली लाल क्लिप घेऊन स्वतःच्या हाताने शर्टाला लावली आणि दांडा घट्ट धरला.

"रस्तो चालू कर," ते म्हणाले. "जोरात सोड. मुंबैक परत जावक होया. सुयोगाक सांगूक होया. त्या बिचाऱ्याक कायच म्हायत नसतला."