कंदील मागणारा

सांगलीजवळ हरिपुरात जमिनीखालच्या पेवात हळद साठवतात. पेव उघडलं, की आधी पेटता कंदील आत सोडायचा. तो विझला, तर आतली हवा जीवघेणी. पासष्ट साली मात्र भाव चढलेला, ट्रक दारात उभा. “कंदील मागंल त्याला कामावर ठेवू नगंस,” मालकांनी केरू मुकादमाला बजावलं. केरूनं दोन जाणत्या गड्यांना माघारी धाडलं आणि पेव कधीच न पाहिलेला म्हसवडचा जालिंदर निवडला. कमरेला दोर बांधून तो हसत उतरला. “आवं मुकादम, लय उकडतंय हितं!” एवढंच ऐकू आलं. केरूनं हाका मारल्या, दोर ओढला, वजन हलेना. “उतरून बघ की,” मालक म्हणाले. केरू पेवाच्या तोंडापासून मागं सरला. “मालक, आदी कंदील आणा.” मालकांनी केरूकडं बघितलंसुद्धा नाही. फाटकाशी कामासाठी ताटकळलेल्यांना ते म्हणाले, “तुमच्यात नवा कोण हाय रं?”