एरंडेलाचं माप

"पाचवा हिस्सा एरंडेल. हात आखडता घेऊ नकोस," बाबांनी आतून बजावलं. "दातवाल्याच्या विमानाला ते नवं सिंथेटिक तेल कमी घातलं तरी चालतं. आपलं इंजिन जुन्या वळणाचं आहे."

"हो, बाबा."

तिने डब्यात मिथेनॉल ओतलं आणि एरंडेल मात्र नावापुरतंच घातलं. इंधनाचा रंग फारच फिका दिसत होता. पण बाबांना रंग दिसणार होता कुठे? परवाच त्यांनी चहा कपाशेजारी ओतला होता. तरी दर रविवारी पोरांनी भरलेल्या मैदानावर त्यांना ते रिमोटवरचं विमान उडवायचंच होतं. वीटभर वजनाचं धूड ते, कुणाच्या डोक्यात बसलं तर? सांगून सांगून ती थकली होती. तेल कमी पडलं की इंजिन जमिनीवरच जाम होईल. तसलं इंजिन आता बाजारात मिळत नाही. विषय संपेल.

फक्त ते इंजिन आईने दिलेलं होतं. हे आठवलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिने झाकण घट्ट लावलं.

"तू केलंस ना? मग डोळे मिटून टाकीत भरायचं," बाबा डबा घेत म्हणाले. "उघडे ठेवून तरी काय दिवे लावणार आहे!"

मैदानावर ती बऱ्याच दिवसांनी आली होती. बाबांचे मित्र, निवृत्त दंतवैद्य, म्हणजेच दातवाले, त्यांनी टाकी भरून इंजिन सुरू करून दिलं. त्यांचं स्वतःचं विमान दुरुस्तीला पडलं होतं, तरी रिमोट गळ्यात होताच. ते बाबांच्या मागे जाऊन उभे राहिले. बाबांनी आपला रिमोट चाचपून उचलला.

"माझ्या हातांना सगळं दिसतं," ते हसून म्हणाले.

इंजिन जाम झालं नाही. विमान उडालं. बाबा आवाजाच्या रोखाने मान वळवत अंगठे हलवत होते. किती खूश होते ते! तिला त्यांच्याकडे बघवेना.

मग आवाज चिरका झाला आणि एकदम थांबला. पोरं ओरडली. विमानाने मोठं वळण घेतलं, पोरांना टाळलं आणि ते गवतावर अलगद टेकलं.

ती धावत गेली. पंखा बोटाने ढकलून पाहिला, तो हलेना. विमान घेऊन ती परतली तेव्हा दातवाले पाणी आणायला गाडीकडे गेले होते. तिला राहवलं नाही.

"बाबा, तेल मीच मुद्दाम कमी घातलं. तुम्हाला दिसत नाही, कुणाला लागलं असतं तर... आईचं इंजिन मी मारलं, बाबा."

बाबा बराच वेळ इंजिनावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी आपला रिमोट तिच्या हातात दिला. तो भलताच हलका होता. तिने मागचं झाकण उघडलं. आत सेलच नव्हते.

"वर्ष झालं, तोच उडवतोय," बाबा हळूच म्हणाले. "दातवाल्याला बोलू नकोस हं. त्याला वाटतं, मला पत्ताच नाही."