दसऱ्याची रेकॉर्ड

"मघापासून नुसत्या फटफट्या पळवतायत मेले! घरी वाट बघणारं कुणी नाही का यांना?" आई पुटपुटली, तसं पुढच्या रांगेतून ‘श्शू’ आलं.

वत्सलाने तिचा हात दाबला. फिल्म क्लबात यायचा हट्ट आईचाच. ऐन तारुण्यात दादा फटफटीवरून गेला तो परतलाच नाही. मागे राहिली ती याच सिनेमातल्या गाण्यांची रेकॉर्ड. ती वाजवायला घरात काही नव्हतं. मग आईने दरवर्षी दसऱ्याला विळी-कोयत्याशेजारी तिलाही हळदकुंकू वाहायचं आणि ‘कुठेतरी रस्ता चुकला असेल’ म्हणत दाराकडे बघायचं.

आज ती गाणी पहिल्यांदाच कानांवर आदळत होती. गिटार किंचाळत होती, पडद्यावरचा दाढीवाला भन्नाट वाऱ्यात हसत होता आणि वत्सलाचा पाय आपसूक ठेका धरत होता. रडू येतंय की नाचावंसं वाटतंय, तिचं तिलाच कळेना.

"एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही गं याने," आई म्हणाली.

"सिनेमा आहे, आई."

"असू दे. पण आपला दादाही रस्ता चुकला नव्हता, वत्से. त्याला जायचंच होतं."