उतारावरची पैज

"खाली जो आधी पोचेल त्याचं खरं. बोला, आहे हिंमत?" बारक्या म्हणाला.

नावाला बारक्या. वडिलांपेक्षा वीतभर उंच, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. पण बरेच महिने तो कॉलेजकडे फिरकलाच नव्हता. त्याला डोंगरात राहून लोकांना स्कीइंग शिकवायचं होतं. त्यावरून घरात इतकी भांडणं झाली होती, की शेजाऱ्यांना दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या. आता कॉलेजनं शेवटचं बजावलं होतं. उद्या दुपारी बारापर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"मी जिंकलो तर कॉलेज सुटलं," बारक्या म्हणाला. "तुम्ही जिंकलात तर निमूट परत जातो. चकार शब्द काढणार नाही."

"ठरलं," वडील म्हणाले.

ते गाडी चालवायला शिकवायचे. टेन्शन आलं की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. आत्ताही दाबला.

दरवर्षी थंडी सरता सरता दोघं चार दिवस इथं बर्फाच्या डोंगरात स्कीइंगला यायचे. एकाच खोलीत राहायचे, एकमेकांच्या घोरण्यावरून भांडायचे. पोराला स्कीवर उभं राहायला वडिलांनीच शिकवलं होतं. आता वर्षभर दोघांमध्ये धड बोलणं नव्हतं. तरी आले होते.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"म्हणजे पोराचं आयुष्य तुम्ही घसरगुंडीवर ठरवणार?"

"पैज त्यानं लावली."

"मग जिंका. हरलात तर राहा तिथंच दोघं, बर्फ खात."

फोन ठेवून वडील हॉटेलच्या तळघरात गेले. तिथं सगळ्यांच्या स्की भिंतीला टेकवून ठेवलेल्या असायच्या. कोपऱ्यात टेबल, इस्त्री आणि स्कीच्या तळाला लावायच्या मेणाच्या दोन वड्या. एक कडक थंडीसाठी, एक ओल्या बर्फासाठी. या दिवसांत ऊन चढलं की बर्फाचा चिखल होतो. त्यावरून थंडीचं मेण लावलेल्या स्कीनं उतरलं, की ती कुणीतरी मागून धरल्यासारखी अडते.

वडिलांनी थंडीची वडी उचलली. बारक्याच्या स्कीकडे एकदा बघितलं. मग स्वतःच्या स्की टेबलावर आडव्या केल्या आणि इस्त्री गरम केली.

त्याला कारण होतं. दुपारी उतारावर एक जाडा माणूस पडला होता. बारक्यानं त्याला उठवलं. तो परत पडला, यानं परत उठवलं. पाय कसे ठेवायचे, थांबायचं कसं, सगळं हसत हसत. घरी चहात साखर कमी पडली तरी कप आपटणारं पोर ते. वडील अठरा वर्षं गाडी शिकवत होते आणि रोज कुणावर तरी खेकसत होते. हा आपल्यापेक्षा बरा मास्तर आहे, असं त्यांना वाटलं होतं. पण ते तोंडानं सांगायचं म्हणजे वर्षभर भांडलेलं सगळं परत घ्यायला लागलं असतं. त्यापेक्षा हरणं सोपं.

सकाळी त्यांना जाग आली तेव्हा बारक्याचा पलंग रिकामा होता. तो नाष्ट्याच्या टेबलावर भेटला.

"झोप नाही लागली वाटतं? घाबरलास?"

"तुम्ही घोरत होता."

ऊन चढलं. दोघं पाळण्याच्या लिफ्टनं उताराच्या माथ्यावर गेले. बारक्यानं तीनपर्यंत मोजलं.

वडिलांनी काठ्या रोवल्या, अंग पुढं टाकलं, आणि त्यांच्या स्की लोण्यावरून सुरी जावी तशा सुटल्या. ते दचकले. चष्मा नव्हता काल डोळ्यावर, वडी बदलली की काय? त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायला लागला. मुद्दाम लांबलांब वळणं घेतली. मागं बघितलं तर बारक्या त्याहून लांब वळणं घेत होता. मग तो चक्क थांबला आणि वाकून बूट चाचपायला लागला.

वडिलांना मधेच उभं राहणं शोभलं नसतं. ते जिंकले.

"बूट सुटला," बारक्या खाली येऊन म्हणाला. हातमोजे काढून त्यानं बर्फात आपटले. "जाऊ दे. ठरलं ते ठरलं. जातो कॉलेजला."

"अरे, बूट सुटला असेल तर परत एकदा—"

"नको! हरलो म्हटलं ना!"

तोंड फिरवून तो तरातरा निघून गेला. रडत असणार, वडिलांना वाटलं.

ते कॅफेत जाऊन बसले. कॉफी मागवली, ती तशीच ठेवली. मग कॉलेजला फोन लावला.

"नाव काढायचंय?" क्लार्क म्हणाला. "नक्की ना? वेटिंगवर एक मुलगी आहे. तिला जागा दिली की झालं. मग तुम्ही इथं येऊन डोकं आपटलंत तरी काही होणार नाही."

"नक्की. पोराला नाही जायचं."

"थांबा." खटखट आवाज आला. "दिली तिला. अजून काही?"

"नाही."

बऱ्याच दिवसांनी वडिलांना हलकं वाटलं. त्यांनी दोन केक बांधून घेतले आणि पोराला शोधायला निघाले. बातमी देताना त्याचं तोंड कसं होईल, ते बघायचं होतं.

बारक्या कॅफेच्या मागं, भिंतीला टेकून फोनवर बोलत होता. पाठमोरा. खांदे हलत होते. वडील जवळ गेले. तो रडत नव्हता, हसत होता.

"आई, सुटलो बाई! जन्मभर लोकांना बर्फातून काय उचलत बसू? पण इतकं भांडल्यावर परत जातो म्हणणार कुठल्या तोंडानं? हो गं, जिंकले ते. मीच पहाटे उठून त्यांच्या स्कीचं मेण खरवडलं आणि ओल्या बर्फाचं लावून ठेवलं, नाहीतर कसले जिंकतायत. चल, ठेव आता. बारा वाजायच्या आत कॉलेजला फोन करतो, येतोय म्हणून."