वीराचं लुगडं

"आक्का, देवीला मिशा आहेत," रेवती हळूच म्हणाली.

हातातलं हिरवं लुगडं सावरत सोनाक्का गुरवीण पुढं वाकली. पाराखालच्या या देवीला चाळीस वर्षं तिनंच न्हाऊ घातलं होतं, नेसवलं होतं. यंदा दगडाला चीर पडली. ती सांधायला शहरातून आलेली रेवती म्हणाली, आधी शेंदूर काढावा लागेल. सोनाक्कानं आधी देवीची क्षमा मागितली, मगच हात लावू दिला.

आता चार बोटं जाड थर निघाला होता आणि आत उभा होता एक गडी. पिळदार मिशा, एका हातात ढाल, दुसऱ्यात तलवार.

"हा वीरगळ आहे, आक्का. लढाईत पडलेल्या माणसाची आठवण. तुमच्या शेंदरानं ऊनपाऊस लागू दिला नाही, म्हणून मिशीचा पीळसुद्धा शाबूत राहिलाय."

पण पारावरच्या मंडळींना तेवढं ऐकायचा धीर कुठला! "आक्के, बाप्याला चोळी-बांगड्या घालत होतीस होय गं!" सरपंच मांडीवर थाप मारून हसला आणि सगळा पार खिदळायला लागला.

सोनाक्काचे कान तापले. मग तिनं लुगड्याची घडी मोडली, त्याला पीळ दिला आणि दगडाच्या माथ्याला झोकदार फेटा बांधला.

"हसा, हसा," पदर खोचत ती म्हणाली. "तलवारबहाद्दर गडी, पण चाळीस वर्षं मी देईन ते लुगडं मुकाट नेसला. तुमच्यात आहे का कुणी असा मर्द?"